मेंढरांनी ऐकलेली पोथी

आमच्या वाडीत दर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. पोथीचं नाव काय, ते कुणालाच सांगता येत नाही, कारण पहिली काही पानं वाळवीनं खाल्ली आहेत आणि वाळवीला विचारायची सोय नाही. त्यामुळे पोथी सुरू होते तीच मुळी एका राजाच्या रागापासून. राजा कुठला, राग कशाचा, ते सगळं वाळवीच्या पोटात. वाडीतली माणसं त्याला दरवर्षी तसाच, मधूनच रागावलेला, ऐकून घेतात. "मोठ्या माणसाच्या रागाला कारण लागतंच असं न्हाई," असं माझी चुलती प्रयागकाकू म्हणते, आणि एवढं म्हटलं की ती वाती वळायला मोकळी.

पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचणारा. तो चालीवर दोन ओव्या म्हणतो आणि थांबतो. दुसरा त्या दोन ओव्यांचा अर्थ लोकांना सांगतो. त्याला सूचक म्हणतात. वाचायला आमच्याकडे रखमाजीतात्या. त्यांचा आवाज येडगावच्या धरणापर्यंत जातो, आणि धरणाला दरवाजे नसते तर पलीकडेही गेला असता. अर्थ सांगायला चिमाजीबाबा. दोन हजार दोन सालच्या श्रावणाआधी चिमाजीबाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मंचरला लेकीकडे गेले, आणि लेकीनं त्यांना ठेवूनच घेतलं. पोथी लागायची वेळ आली तरी सूचक नव्हता.

मी तेव्हा बी.एस्सी. करून घरी बसलो होतो. देव मानत नव्हतो. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कुणी विचारलं नाही तरी मी सांगायचो. पोथीला मात्र जायचो. मागं, चपलांच्या जवळ बसायचो आणि शंका काढायचो.

"ह्या दादाभाऊलाच पुढं बसवा," रखमाजीतात्या बैठकीत म्हणाले. "मागं बसून लई शंका काढतो. पुढं बसलेल्या माणसाला शंका काढता येत न्हाई."

तर्क बिनतोड होता, फक्त चुकीचा होता. मी हो म्हणालो. भक्ती म्हणून नाही. इतकी वर्षं ऐकलेली वस्तू आतून कशी दिसते ते बघायचं होतं.

आतून ती फारच गंमतशीर निघाली. पहिल्याच आठवड्यात एका ऋषीनं समुद्र पिऊन टाकला. एका घोटात. तात्यांनी ओवी म्हटली, थांबले, माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला, "ऋषीनं समुद्र पिला. इथं प्रश्न असा, की मासे पण पिले की मासे खाली राहिले?"

"अर्थ सांग, प्रश्न इचारू नको," तात्या म्हणाले.

"अर्थ सांगितला. आता उरलेल्याचं विचारतोय."

मला वाटलं, लोक चिडतील. पण प्रयागकाकूनं वाती वळता वळता उत्तर दिलं, "खाली ऱ्हायले असतील. ऋषी म्हंजी माळकरी माणूस. मासं गाळून पिला असंल."

"आणि मिठाचं काय?" कुणीतरी मागून म्हणालं. "आमच्या आप्पांना डॉक्टरनं लोणचं बंद केलंय."

त्या संध्याकाळी अर्धा तास समुद्राच्या मिठावर गेला. दुसऱ्या दिवशी एका राजाला साठ हजार मुलगे झाले. मी नावांची अडचण काढली. नावं ठेवत नसतील, ऊसतोडीच्या टोळीसारखे नंबर असतील, असं ठरलं. मग एका राजानं स्वप्नात एका ब्राह्मणाला राज्य दान दिलं, आणि ब्राह्मण सकाळी ताबा घ्यायला दारात हजर. यावर तर सगळी वाडीच पेटली. स्वप्नातलं दान सातबाऱ्यावर चढतं का? चढत असेल तर तलाठी कुणाच्या स्वप्नात यायला लागतो? चांगदेवअण्णांची भावकीतली वाटणी तेव्हा कोर्टात होती. त्यांनी घाईघाईनं जाहीर केलं की आपल्याला स्वप्नं पडतच नाहीत.

माझ्या लक्षात आलं की मी एकटाच शंकेखोर आहे असं मला उगाच वाटत होतं. शंका सगळ्यांकडे होत्या. चिमाजीबाबांना कुणी विचारत नव्हतं एवढंच.

एकच माणूस काही विचारायचा नाही. सोमाजीनाना. तो कायम दाराच्या उंबऱ्यात बसायचा, एक कान आत आणि एक कान बाहेर. बाहेरच्या कानाचं कारण मेंढरं. नाना धनगर. त्याच्या भावकीतल्या सगळ्यांनी कळप विकून शेती धरली होती, कुणी पोल्ट्री टाकली होती. वाडीत मेंढरं उरली होती ती एकट्या नानाची. आमच्याकडे रिकाम्या वावरात मेंढरं बसवायची रीत आहे. शेतकरी धनगराला बोलावतो, धनगर वावरात दोरीची जाळी उभी करतो, तिला वाघर म्हणतात, आणि तिच्यात कळप रात्रभर बसतो. मेंढरांना जागा मिळते, वावराला लेंडीखत. त्या साली नानाचा कळप चांगदेवअण्णांच्या वावरात होता. अण्णांनी ते कांद्यासाठी मोकळं ठेवलं होतं.

वावराला लागून ऊस होता. उसात बिबट्या होता.

बिबट्या म्हणजे आमच्याकडे त्या वर्षी काही नवलाई राहिली नव्हती. कॅनॉल आला, कॅनॉलमागून ऊस आला, उसामागून तो आला. पिंजऱ्यासाठी अर्ज केला होता. पिंजरा तेव्हा दुसऱ्या गावात लावलेला होता, आणि त्यात आधीच एक बिबट्या बसलेला होता. आमच्या बिबट्यानं नानाच्या मेंढ्या न्यायला सुरुवात केली होती. शेवटची गेली तेव्हा नानाची बायको गजराबाई देवळासमोर, सगळ्यांच्या देखत, नवऱ्याला म्हणाली होती, "अजून एक जाऊ द्या. मग सगळी गाडीत घालते. पोराला सांगून ठेवलंय." पोरगा मंचरच्या मार्केटात पिकअप चालवायचा. तो तर वाटच बघत होता.

नाना त्यावर मेंढरं मोजायला निघून गेला होता. तो मेंढरांशिवाय काय करेल, हा प्रश्न वाडीत कुणाला पडला नाही, कारण कुणाला त्याचं उत्तर सुचत नव्हतं.

मग ती फलश्रुती आली. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ती असते. हे ऐकलं तर काय मिळेल त्याची हमी. तात्यांनी टिपेचा सूर लावला:

जो हा अध्याय ऐके सादर । त्यासी न शिवे व्याघ्र तस्कर ।
मनीं धरी जें जें अंतर । तें तें पावे तत्काळ ॥

अध्यायात वाघ कुठंच नव्हता. शेवटी एकदम आला. मी अर्थ सांगितला, "जो हा अध्याय लक्ष देऊन ऐकेल त्याला वाघ आणि चोर शिवणार नाहीत. आणि मनात जे धरेल ते मिळेल."

उंबऱ्यातून नाना पहिल्यांदा बोलला. "वाघात बिबट्या येतो का?"

"व्याघ्र म्हणजे वाघ. बिबट्याचा वेगळा उल्लेख नाही."

"येतो येतो," तात्या म्हणाले. "पोथी जुनी हाय. तवा समदे एकच व्हते."

"मग मी दरसाल ऐकतोय," नाना म्हणाला. "तरी मेंढ्या गेल्या."

आता इथं गप्प बसायला हवं होतं असं प्रयागकाकूचं म्हणणं. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, "नाना, तुम्हाला कुठं शिवला? मेंढीला शिवला. मेंढीनं ऐकली होती का पोथी?"

देऊळ हसलं. नाना हसला नाही. त्यानं मान हलवली, बराच वेळ हलवली, आणि आरतीच्या आधीच उठून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोथीचं फडकं सोडायला बसलो तर लांबून घुंगरांचा आवाज यायला लागला. मग धूळ आली. मग धुळीतून सगळा कळप आला, पुढं एडका, मागं नाना, सगळ्यांत मागं गजराबाई, चेहऱ्यावर असा भाव की हा माणूस माझ्या ओळखीचा नाही. देवळाच्या बाजूच्या पटांगणात नानानं वाघर उभी केली, मेंढरं आत घेतली आणि उंबऱ्यात येऊन बसला.

"हां, दादाभाऊ," तो म्हणाला. "आता चालू द्या. समदी हायेत."

हा विनोद होता असं सांगायची माझी फार इच्छा होती. पण नाना इतका मोकळा दिसत होता की तोंड उघडेना. शिवाय मलाच बघायचं होतं, मेंढरं पोथीला कशी बसतात.

छान बसतात. तात्यांना आधी अपमान वाटला. दोन दिवसांनी ते म्हणाले की एवढे शांत श्रोते त्यांनी आयुष्यात बघितले नव्हते. मेंढरं खोकत नाहीत, पानाची पिंक टाकायला उठत नाहीत, मधेच सोयरिकीचं बोलत नाहीत. फक्त नानाचं कुत्रं तात्यांच्या सुरात सूर मिसळून रडायला लागलं. तात्यांची चाल वर गेली की तेही वर. म्हणून ते रोज पोथीच्या वेळेला प्रयागकाकूच्या परड्यात बांधायचं ठरलं.

कळप रात्री पटांगणातच राहायचा. खांबावर मोठा बल्ब लावला होता, देवळात बाप्ये झोपायचे. आणि बिबट्या मेंढरांकडे फिरकला नाही. पहिले काही दिवस कुणी बोललं नाही. मग एकदम सगळे बोलायला लागले. पोथी लागू पडली. निमगाव सावाहून एक पाव्हणा आपल्या शेळीला घेऊन आला. ऐकवून परत जाणार होता. त्याला सांगितलं की अध्याय अर्धा झालाय, शेळीला मागचं कळायचं नाही. तो म्हणाला, मी तिला वाटेत सांगतो.

मी सगळ्यांना समजावत होतो. बल्ब आहे, माणसं आहेत, गलका आहे, म्हणून येत नाही. तात्या म्हणायचे, "बल्ब काय, मुतारीपाशी पण हाय. तिथं कुठं फलश्रुती हाय?" याला काय उत्तर द्यायचं ते मला बी.एस्सी.मध्ये शिकवलं नव्हतं.

चांगदेवअण्णांचा त्रास निराळा. मेंढरं देवळाशी बसत होती, म्हणजे लेंडीखत मारुतीच्या पटांगणात पडत होतं. "मारुतीला काय कांदा लावायचाय का?" ते म्हणाले. तीन दिवस त्यांनी विचार केला आणि एक तोड काढली. मंडपवाल्याचा कर्णा आणायचा, देवळावर बांधायचा आणि त्याचं तोंड त्यांच्या वावराकडे करायचं. मेंढरं वावरात बसून ऐकतील. "म्हंजी पोथी पण घडंल आणि खत पण."

सगळ्यांना पटलं. नानाला पटलं. वायर मोजायला माणूस उठला.

"एक शंका आहे," मी म्हणालो.

"हां, काढ," तात्या म्हणाले. ते आता सरावले होते.

"वावराला लागून ऊस आहे. कर्णा वावराकडे केला की बिबट्याला पण ऐकू जाणार."

"जाऊ दे की. सुधारंल."

"फलश्रुती काय म्हणते? जो ऐकेल त्याच्या मनात असेल ते त्याला मिळेल. बिबट्याच्या मनात काय असणार?"

वायर मोजणारा वायर धरून तसाच उभा.

"पण मेंढरांनीबी ऐकलंय की," प्रयागकाकू म्हणाली. "त्यांना शिवणार न्हाई असंबी लिवलंय."

"तेच तर. दोघांनाही हमी आहे. पोथी कुणाचं ऐकणार?"

"आधी कोण बसलं त्याचा मान," एकजण म्हणाला.

"मेंढरं गाभण हायेत, त्यांच्या पोटातली धरून जास्त व्हतील," दुसरा म्हणाला. ग्रामपंचायतीचं मतदान जवळ आलं होतं, त्यामुळे असा विचार सुचत होता.

तात्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "बिबट्या सादर ऐकणार न्हाई. त्याचं चित्त मेंढरात असंल."

"नानाचंही चित्त मेंढरातच असतं," मी म्हणालो.

कर्णा रद्द झाला. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण मला आता त्या प्रश्नानं धरलं होतं. बिबट्या येत नाही हे खरं. पोथीमुळे की बल्बामुळे, हे कळायला पाहिजे. आणि कळणं किती सोपं होतं! मी गजराबाईला गाठलं. ती पटांगणात एका मेंढीच्या पायातला काटा काढत होती.

"मामी, एक रात्र बल्ब ठेवायचा, माणसं ठेवायची, पण पोथी वाचायची नाही. दुसऱ्या रात्री पोथी वाचायची आणि मग बल्ब बंद, माणसं घरी. म्हणजे नक्की कळेल."

तिनं वर बघितलं. "मेंढरं कुणाची?"

"तुमची."

"आणि शंका कुणाची?"

"माझी."

"मग तुझी म्हस बांध की."

ती काटा काढायला लागली. मी घरी आलो. म्हैस गोठ्यात रवंथ करत होती. प्रयागकाकू धार काढून बाहेर येत होती. मी विषय काढला, पूर्ण नाही, अर्धाच. काकूनं दुधाची चरवी खाली ठेवली आणि माझ्याकडे इतकं निरखून बघितलं की माझं विज्ञान तिथंच थांबलं. खरं सांगायचं तर म्हशीकडे बघितल्यावर मलाही तेवढी उत्सुकता उरली नाही. दुसऱ्याच्या मेंढरांबद्दल ती बरीच होती.

मग हरिणीचा अध्याय लागला.

पोथीतला हा सगळ्यांचा आवडता. पारधी झाडावर बसलाय. पाणी प्यायला हरिणी आली. त्यानं बाण लावला. ती म्हणाली, थांब, घरी लहान पाडसं आहेत, त्यांना कुणाच्या तरी हवाली करून येते, मग मार. शब्द देते. पारधी म्हणाला, जा. आणि ती खरंच परत येते. मला त्यात पन्नास शंका होत्या. पारध्याला हरिणीची भाषा कशी कळते, इथूनच सुरुवात होती. पण तात्यांनी त्या दिवशी असा काही सूर लावला की त्या सगळ्या मी उद्यावर ठेवल्या. बायकांचे पदर डोळ्यांना. अण्णा नाक शिंकरताहेत. सगळी माणसं माझ्याकडे आणि तात्यांकडे तोंड करून बसलेली. माझं तोंड पटांगणाकडे होतं, पण मधे तो बल्ब. बल्बाच्या अलीकडचं लख्ख दिसायचं, पलीकडे नुसता काळोख. परड्यात कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकत होतं.

"मुक्या जनावराला पण लागलं बघा," प्रयागकाकू म्हणाली.

हरिणी परत निघाली एवढ्यात बाहेर गजराबाईचा आवाज आला. हाका मारत नव्हती. मेंढरांना एकेक करून चाचपत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मग ती देवळाच्या दारात आली.

"चितकबरं कोकरू न्हाई," ती म्हणाली.

सगळे उठले. बॅटऱ्या आल्या. वाघरीची एक बाजू लोळवलेली होती आणि धुळीत उसाच्या दिशेनं फरफटलेली रेघ होती. बल्ब चालू होता. चाळीसेक माणसं हजर होती. पोथी चालू होती, नुसती चालू नव्हती, रंगात आली होती.

परत येऊन सगळे देवळात उभे राहिले. बसायला कुणी धजेना. नाना आत आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला असावा. माझ्यासमोर बसला.

"दादाभाऊ," तो म्हणाला, "अर्थ सांग. त्यानं ऐकली व्हती. पयल्या दिसापासून."

मी काही बोलायच्या आत बाकीचे बोलायला लागले. कोकरू झोपलं असेल, सादर ऐकलं नसेल. वाघर लावताना दिशा चुकली असेल. हरिणीचा अध्याय वेगळा, त्याची फलश्रुती अजून आलीच नव्हती, हमी लागू झाली नव्हती. तात्या म्हणाले, कुत्रं बांधलं म्हणून देवाला राग आला असेल. देवाला राग आला असेल का हे मला माहीत नाही, पण कुत्रं मोकळं असतं तर बरं झालं असतं, हे तात्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच खरं होतं.

मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, पोथी अशीच लिहिली गेली असेल. कुठंतरी काहीतरी गेलं, आणि मग माणसं उभी राहून एकेक कारण जोडत गेली. कुणाच्या तरी रागाचं कारण वाळवीनं नाही, माणसांनीच हरवलं असेल. मलाही जोडता आलं असतं. बल्ब कमी वॅटचा होता, असं म्हणता आलं असतं. पण नाना माझ्याकडे बघत होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"म्हणजे पोथी राखेल असं तुम्ही म्हणत होता. बल्ब आणि माणसं राखतील असं मी म्हणत होतो. दोन्ही होतं. दोन्ही खोटं पडलं. अर्थ मला माहीत नाही, नाना."

"सूचकानं असं म्हनायचं नसतं," तात्या हळूच म्हणाले.

"म्हणू द्या," नाना म्हणाला. तो उठला, बायकोकडे बघितलं. "सकाळी पोराला बोलाव."

गजराबाई दारातच उभी होती. तिला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते तिचं ठरत नव्हतं. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, बसल्या जागेच्या सतरंज्यांवरून, तात्यांच्या चौरंगावरून.

"तुमी एवढी माणसं," ती म्हणाली. "कुठं बघत व्हता?"

"पोथीकडं," अण्णा म्हणाले.

"पोथी बघायची असती का ऐकायची?"

उत्तर सगळ्यांना येत होतं.

"कानानं ऐकता आणि डोळं कशाला तिकडं लावता? तात्याच्या तोंडात काय बघायचंय?" ती वळली आणि निघाली. पटांगणातून तिचा आवाज आला, ती नानाला सांगत होती का आम्हाला ते कळलं नाही, "अण्णा खतासाठी रडत्यात, तुमी पोथीसाठी रडता. मेंढरांसाठी कोन तरी तोंड फिरवून बसा म्हनावं."

रात्री नाना-गजराबाईत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सकाळी पिकअप आली. पोरानं मागचं फळकूट पाडलं, दोर काढले. गजराबाईनं त्याला भाकरी वाढली, आणि फळकूट वर लावून रिकामा परत पाठवला. जाताना तो एवढा जोरात गेला की कोंबड्या उडाल्या.

दुपारी चांगदेवअण्णा स्वतः घरी आले. माझ्याशी बोलायचं नाही हे ते विसरले होते. "आज पोथी माझ्या वावरात," ते म्हणाले. "सतरंज्या मी देतो. चहा मी देतो. ज्याच्या वावरात मेंढरं बसतील त्यानं पोथीला माणसं जमवायची, असं आमी ठरवलंय. सोमाजीची अट न्हाई ती. गजराबाईची हाय."

संध्याकाळी आम्ही गेलो. मधोमध वाघर. वाघरीत मेंढरं, आणि मेंढरांच्या मधे चौरंग, कंदील, तात्या आणि मी. भोवतीनं सगळी वाडी गोल करून बसली होती, घोंगड्या पांघरून, हातात काठ्या आणि बॅटऱ्या, तोंडं बाहेर. उसाकडची बाजू गजराबाईनं घेतली होती. कुत्रं मोकळं होतं आणि गोलाबाहेरून चकरा मारत होतं. तात्यांनी सूर लावला तसं तेही रडलं. या खेपेला कुणी काही म्हणालं नाही.

अर्धा राहिलेला अध्याय पुरा करायचा होता. मी अर्थ सांगायला लागलो तेव्हा जरा अवघड गेलं. माणसांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. पाठींवरून कळत नाही कुणाला पटलं आणि कुणाला नाही. माझ्याकडे तोंड करून बसलेली होती ती फक्त मेंढरं. त्यातली एक म्हातारी मेंढी माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि पारधी, हरिणी, दिलेला शब्द, कशानंही तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मला ती फार जवळची वाटली.

"हरिणी पाडसं हवाली करून परत आली," मी म्हणालो, "आणि पारध्यानं धनुष्य खाली ठेवलं."

तेवढ्यात अंधारातून, कळपाच्या पलीकडून, सोमाजीनाना बोलला. त्याची पाठच दिसत होती.

"दादाभाऊ, एक शंका हाय."

तात्यांनी पोथीवरची मान उचलली. नानाला शंका, हे आम्हा दोघांना नवीन होतं.

"काढा, नाना."

"हरणी पारध्याशी एवढा येळ बोलत उबी व्हती. तवा तिची पिल्लं कुणापाशी व्हती?"

मी पान मागं उलटलं, पुढं उलटलं. कंदील जवळ घेतला. तात्याही वाकले.

"पोथीत दिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग इचार करून सांग," नाना म्हणाला. तो उसाकडेच बघत होता. "आमी हाय हितं."